हीटर सगळ्यात शेवटी: हिवाळ्यात घर उबदार आणि वीजबिल आटोक्यात

उत्तरेचे वारे सुरू झाले की निफाड, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर, नागपूर, गोंदिया या पट्ट्यात पारा एक आकडी होतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला तर ३.५ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. अशा दिवसांत वर्तमानपत्रांत शेकोट्यांचे फोटो येतात, दुकानांत रूम हीटर पुढच्या फळीवर येतात, आणि महिन्याभराने आलेलं वीजबिल पाहून घरात वादावादी होते.

पण आपली थंडी सिमल्याची नाही. तिथे दिवसभर गारठा असतो. आपल्याकडे पहाटे ८ अंश आणि दुपारी दोनला २८ अंश, असा प्रकार. म्हणजे ऊब रोज दुपारी आपणहून दारात येते. ती आत घ्यायची, संध्याकाळी कोंडायची आणि पहाटेपर्यंत पुरवायची, एवढंच काम. अडचण अशी की आपली घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी. दारावर जाळी, न्हाणीघराला काचपट्ट्यांची खिडकी, खाली गार फरशी, वर उघडा स्लॅब. उन्हाळ्यात ज्याचं कौतुक करतो तेच डिसेंबरात अंगावर येतं. ते दोन-अडीच महिन्यांपुरतं कसं बदलायचं, ते क्रमाने सांगतो. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात राहणाऱ्यांनी फक्त अंघोळीच्या पाण्याचा भाग वाचला तरी पुष्कळ आहे.

आधी बिल हातात घ्या

मागच्या वर्षीचं जानेवारीचं आणि ऑक्टोबरचं बिल शेजारी ठेवा. पंखे-एसी बंद असूनही जानेवारीत जे युनिट वाढलेले दिसतील, ते हिवाळ्याचा खर्च. बहुतेक घरांत ही वाढ खोली गरम करण्याची नसते, पाणी गरम करण्याची असते. हीटर वर्षातून पंधरा-वीस रात्री लागतो, गिझर रोज.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की वीज आकाराचा दर दुपटीच्या घरात जातो. तुमचा फ्रिज, दिवे, टीव्ही यांनी पहिला टप्पा भरून टाकलेलाच असतो. त्यामुळे हीटर आणि गिझरचा प्रत्येक युनिट वरच्या, महाग टप्प्यात पडतो. बचतीचा हिशेब करताना सरासरी दर धरू नका, बिलातला शेवटच्या टप्प्याचा दर धरा. एक युनिट वाचवला की तोच वाचतो.

एक आकडा डोक्यात ठेवा. २००० वॅटचा हीटर रोज चार तास चालवला तर महिन्याला २४० युनिट होतात. महिन्याला १३० युनिट वापरणारं घर त्या एका वस्तूपायी ३७० वर जातं, म्हणजे तिसऱ्या टप्प्यात. हीटरबद्दल पुढे लिहिलं आहे, पण तो या लेखात उशिरा येतो, त्याचं कारण हेच.

उदबत्ती घेऊन घरभर फिरा

गार वारा कुठून येतो हे अंदाजाने ठरवू नका. रात्री वारा असेल अशा वेळी, पंखे बंद, दारं-खिडक्या लावलेल्या, आणि हातात पेटती उदबत्ती. ती खिडकीच्या कडेपासून दोन बोटांवर धरून हळूहळू सरकवायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. आत वळला तर तिथून हवा येते आहे. पडदे बाजूला करून मगच हे करा.

या जागा हमखास सापडतात: मुख्य दाराखालची फट, बाल्कनीचं दार, एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेलं भोक, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनची गोल जागा, न्हाणीघराची काचपट्ट्यांची खिडकी. आणि सगळ्यात वरचढ म्हणजे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी.

ही खिडकी जरा जवळून बघण्यासारखी असते. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात त्या उभ्या पट्टीत आणि खालच्या खाचेत बारीक केसाळ, ब्रशसारखी पट्टी असते. नवी असताना ती फट पूर्ण भरते. सात-आठ वर्षांत धुळीने आणि उन्हाने ती चपटी होते, कुठे कुठे गळूनच जाते, आणि काच बंद असूनही कडेने वाऱ्याची धार लागते. बोट फिरवून पाहा, केस ताठ लागले पाहिजेत. ही पट्टी फुटावर विकत मिळते. खिडक्या बसवणारा ॲल्युमिनियमवाला काच उतरवून जुनी ओढून काढतो आणि नवी सरकवतो. दोन बेडरूमच्या घराचं काम एका दिवसात होतं. खालच्या खाचेत पावसाचं पाणी जायला छोटी भोकं असतात, ती मात्र बुजवू नका. नाहीतर जूनमध्ये पाणी घरात.

दारासाठी खालच्या कडेला स्क्रूने बसणारी ब्रशची पट्टी चांगली. भाड्याच्या घरात स्क्रू मारायचे नसतील तर जुन्या साडीची लांब नळी शिवून त्यात वाळू किंवा भाताचा तूस भरा आणि रात्री दाराशी सरकवून ठेवा. कापूस भरलात तर ती हलकी होते, जागेवर राहत नाही. चौकटीच्या फटींना चिकटणारी फोमची पट्टी चालते, पण लावण्याआधी जागा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. धुळीवर चिकटवलेली पट्टी आठवड्यात लोंबते.

एसीच्या पाइपभोवती पुटीचा गोळा दाबला की झालं. एक्झॉस्टला बाहेरून पडणाऱ्या पात्या असलेला पंखा असेल तर तो बंद झाला की जागा आपोआप मिटते. तशा पात्या बसवून मिळतात.

विदर्भातल्या आणि खानदेशातल्या घरांसाठी एक वेगळी सूचना. खिडकीत बसवलेला कूलर. उन्हाळा संपला की पाणी काढतात, वायर गुंडाळतात आणि कूलर तसाच राहतो. त्याच्या तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या असतात. म्हणजे डिसेंबरात तुमच्या बेडरूमच्या भिंतीला अडीच फुटी भगदाड आहे आणि त्यावर फक्त वाळलेलं गवत लावलं आहे. शक्य असेल तर कूलर काढून खिडकी लावा. काढता येत नसेल तर बाहेरून ताडपत्री किंवा जुन्या फ्लेक्सने तिन्ही बाजू गच्च बांधा आणि आतून तोंडाच्या मापाचा प्लायवूड किंवा जाड पुठ्ठा बसवा. नुसत्या बाहेरच्या आवरणाने वारा थांबतो, गारठा थांबत नाही.

आता एक गोष्ट जी बुजवायची नाही. स्वयंपाकघरात जमिनीलगत जी जाळी किंवा झडप असते ती गॅससाठी असते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साचतो आणि त्या वाटेने बाहेर जातो. ती उघडीच राहू द्या. थंडी सोसत नसेल तर स्वयंपाकघराचं आतलं दार लावा.

दुपारी खिडक्या उघडा, पाचच्या आत लावा

या लेखातला एकच उपाय करायचा असेल तर हा करा, कारण याला खर्च शून्य आहे.

थंडीत लोक सकाळी धाडकन खिडक्या उघडतात, हवा यावी म्हणून, आणि रात्री आठला लावतात. दोन्ही वेळा चुकीच्या. सकाळी सातला बाहेर ९-१० अंश असतात आणि घरात १७-१८. तेव्हा खिडकी उघडणं म्हणजे रात्रभर जपलेली ऊब बाहेर सोडणं. उलट दुपारी बारा ते चार बाहेर २७-२८ अंश असतात आणि तळमजल्याच्या किंवा उत्तरेकडच्या खोलीत २१-२२. तेव्हा दारं-खिडक्या सताड उघडायच्या. बाहेरची गरम हवा आत येते आणि भिंती, फरशी, गाद्या, कपाटं ती ऊब शोषून घेतात. वीट आणि काँक्रीट लवकर तापत नाही, पण तापलं की लवकर निवतही नाही.

सूर्य कलल्यावर मात्र पारा झपाट्याने उतरतो. साडेचार-पाचला सगळ्या खिडक्या लावून पडदे ओढायचे. डासांमुळे आपण तिन्हीसांजेला खिडक्या लावतोच, ती वेळ तासभर अलीकडे आणायची.

उन्हाचंही बघा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून फिरतो. नागपूरच्या अक्षांशावर भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर असतो, नाशिक-पुण्यात ४७-४८. त्यामुळे मे महिन्यात ज्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत शिरत नाही, तिच्यातूनच डिसेंबरात ते खोलीच्या मध्यापर्यंत येतं. त्या खिडकीसमोरचं कपाट हलवा, बाल्कनीवर उन्हाळ्यात बांधलेली हिरवी जाळी सोडा, काचा पुसा. फरशीवर जिथे ऊन पडतं तिथे दिवसा सतरंजी नको. उघड्या फरशीला तापू द्या, संध्याकाळी सतरंजी अंथरा.

घरी कोणी नसेल तर? नोकरीवाल्या जोडप्यांचा हा खरा प्रश्न आहे. सुरक्षिततेमुळे खिडक्या उघड्या ठेवता येत नसतील तर निदान दक्षिणेचे आणि पश्चिमेचे पडदे सकाळी बाजूला सारून जा. काच बंद असली तरी ऊन आत येतंच. शनिवार-रविवारी मात्र उघडा.

पडद्यांबद्दल थोडं. काच ही घरातली सगळ्यात गार जागा. पडदा जाड हवा, खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा फूट रुंद हवा आणि खाली जमिनीपर्यंत किंवा निदान चौकटीच्या बराच खाली हवा. नाहीतर काचेला लागून गार झालेली हवा पडद्याखालून जड होऊन पायांवर उतरते. नवे पडदे शिवायचे नसतील तर आहेत त्यांना आतून जुन्या जाड चादरीचं अस्तर लावा. सोलापुरी चादर यासाठी उत्तम, वजनाने पडदा नीट खाली राहतो. उत्तरेकडच्या, ऊन न येणाऱ्या खिडकीला पॅकिंगचा बुडबुड्यांचा प्लास्टिक कागद काचेवर पाणी शिंपडून चिकटवला तरी फरक कळतो. दिसायला वाईट दिसतं खरं, पण न्हाणीघराच्या खिडकीला कोण बघतं.

खोली नको, माणूस गरम ठेवा

झोपलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण ७०-८० वॅट उष्णता बाहेर पडते. ती अंगाभोवती टिकली तर कडाक्याच्या रात्रीही हीटर लागत नाही. म्हणून अंथरुणावर लक्ष द्या, आणि पांघरुणाआधी अंथरुणावर. अंगाखाली दाबली गेलेली गादी वरच्या पांघरुणाइतकी ऊब धरत नाही. जमिनीवर गादी घालत असाल तर खाली आधी चटई, त्यावर सतरंजी किंवा घोंगडी, मग गादी. फरशीची थेट गार ओढ त्याने तुटते. पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर वीतभर पुढे ओढा. पलंगाखालून वारा खेळत असेल तर गादीवर एक गोधडी अंथरा, चादर तिच्यावर.

कापसाची गादी दगडासारखी झाली असेल तर ती ऊब धरणार नाही, कारण ऊब धरते कापसात अडकलेली हवा. नोव्हेंबरातच पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्या. नव्या गादीच्या मानाने खर्च किरकोळ. गोधड्या, रजया, उशा आठवड्यातून एकदा दुपारी अकरा ते तीन कडक उन्हात टाकायच्या, मध्ये एकदा उलटायच्या आणि ऊन असतानाच उचलायच्या. घामाची ओल निघून जाते, कापूस फुलतो. पाचनंतर दोरीवर राहिलेली गोधडी पुन्हा हवेतली ओल आणि गारवा घेते आणि मग वाळवण्याची मेहनत वाया.

पांघरुणाचा क्रम असा ठेवा: अंगालगत मऊ सुती गोधडी, तिच्यावर पोकळ, फुललेली रजई किंवा ब्लँकेट, आणि फार वारा असेल तर सगळ्यावर हलकी घोंगडी. घोंगडी टोचते म्हणून लोक ती माळ्यावर टाकतात, पण वरून घेतली तर टोचायचा प्रश्नच येत नाही आणि वारा ती छान अडवते. मात्र जड पांघरूण रजईच्या वर टाकून तिला दाबून टाकू नका. फुललेपण गेलं की ऊब गेली.

डासांसाठी हिवाळ्यातही पंखा लावून दोन-दोन पांघरुणं घेणारी घरं कमी नाहीत. त्याऐवजी मच्छरदाणी लावा. डास थांबतात, पंख्याची वीज वाचते आणि जाळीमुळे वाऱ्याची झुळूकही मंदावते.

गरम पाण्याची रबरी पिशवी हा सगळ्यात स्वस्त हीटर आहे. दीड लिटर पाणी ६५ अंशांपर्यंत तापवायला एका युनिटचा दहावा भागही लागत नाही. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटं अंथरुणात पायांच्या जागी ठेवा. पाणी उकळतं भरू नका, पिशवी फडक्यात गुंडाळा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांच्या पायाशी ती रात्रभर राहू देऊ नका. चटका बसलेला कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. लहान बाळाच्या जवळ तर पिशवी ठेवूच नका.

कडाक्याच्या चार-पाच रात्री सगळ्या कुटुंबाने एकाच खोलीत झोपायलाही हरकत नाही. चार माणसं म्हणजे ३०० वॅट, तेही फुकट. फक्त दार थोडं किलकिलं ठेवा.

अंघोळीचं पाणी: खरा खर्च इथे

१८ लिटरची बादली २० अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे अर्धा युनिट लागतो. चौघांच्या चार बादल्या म्हणजे रोज दोन, महिन्याला ६० युनिट. तेच शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं तर मिनिटाला आठ लिटर धरून ६४ लिटर पाणी जातं आणि दीड युनिटपेक्षा जास्त वीज. चौघांचे महिन्याला जवळजवळ २०० युनिट. हिवाळ्यापुरतं बादली-तांब्यावर आलात तर दुसरं काही न करताही बिल खाली येईल. पाठीवर गरम पाण्याची धार घेण्याचं सुख मला मान्य आहे. ते रविवारी घ्या.

गिझर २५ लिटरचा असेल तर त्याचं तापमानाचं बटण ५० ते ५५ अंशांच्या आसपास ठेवा. ७० ला ठेवून वर गार पाणी मिसळायचं, यात टाकीतून उष्णता जास्त झिरपते आणि क्षारही लवकर बसतात. सगळ्यांच्या अंघोळी लागोपाठ उरका. गिझर पहिल्या माणसाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचा आणि शेवटचा आत शिरला की बंद करायचा. दिवसभर चालू ठेवला तर तो रिकाम्या घरात पाणी गरम करत बसतो. बोअरच्या पाण्यावर गिझर चालत असेल तर दोन-तीन वर्षांतून एकदा उघडून कॉइलवरचे क्षार काढून घ्या. त्या थरामुळे पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल जळते.

वेळेचंही पाहा. टाकीतलं पाणी पहाटे सहाला सगळ्यात गार असतं, अकराला उन्हाने तापलेलं. ज्यांना कामावर जायचं नाही त्यांनी हिवाळाभर अकराला अंघोळ केली तर वीजही कमी लागते आणि अंगही काकडत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे पटवणं अवघड, पहाटेच्या अंघोळीची सवय जुनी असते. महावितरणचं स्मार्ट टीओडी (दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावणारं) मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर प्रति युनिट सवलत मिळते, हाही मुद्दा त्यांच्यासमोर ठेवून बघा.

गॅसवर पाणी तापवणं परवडतं का, हा नेहमीचा प्रश्न. पातेल्यावर झाकण असेल तर चौघांच्या महिनाभराच्या बादल्यांना साधारण अर्धं घरगुती सिलिंडर जातं. तुमच्याकडचा सिलिंडरचा दर निम्मा करा, आणि बिलातल्या वरच्या टप्प्याचा दर ६० ने गुणा. दोन आकडे समोर आले की उत्तर मिळतं. घरात लहान मुलं असतील तर उकळतं पातेलं उचलून न्हाणीघरात नेण्याची जोखीमही त्या हिशेबात धरा.

गॅस गिझर मात्र न्हाणीघराच्या आत कधीही नको. बंद, छोट्या जागेत तो प्राणवायू वापरतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस आत गेल्यावर काही मिनिटांत चक्कर येऊन पडतो आणि बाहेरच्यांना कळतही नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गिझर बाहेर, उघड्या हवेच्या कोरड्या बाल्कनीत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. बादलीत सोडायचा विजेचा रॉड वापरत असाल तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा, वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच नसेल तर तो बसवणं हीटर घेण्यापेक्षा आधीचं काम.

अंगण असेल तर तांब्याचा बंब अजूनही हिशेबात बसतो. शेतावरच्या काटक्या, नारळाच्या करवंट्या, कापसाच्या पऱ्हाट्या यांवर सगळ्या घराचं पाणी होतं. बंब उघड्यावरच ठेवा. सोलर असेल तर गच्चीवरच्या गरम पाण्याच्या पाइपांना फोमच्या नळ्या चढवा, कारण पहाटे पहिली बादलीभर पाणी पाइपातच गार झालेलं येतं. ते सोडून न देता बादलीत धरा, कपडे-भांड्यांना लागतं.

हीटर घ्यायचाच असेल तर

वृद्ध माणूस, तान्हं बाळ, आजारपण, किंवा गोंदियाची पहाट. कधी कधी हीटर लागतोच.

दुकानात काहीही सांगितलं तरी १००० वॅटचा कोणताही हीटर तासाला एकच युनिट खातो आणि तेवढीच उष्णता देतो. फरक ती कशी मिळते यात आहे. लाल दांड्यांचा क्वार्ट्झ किंवा हॅलोजन हीटर समोरच्या माणसाला थेट तापवतो, खोलीला फारसं नाही. अभ्यासाला बसलेल्या मुलापाशी ४०० वॅटची एक दांडी पुरते. ब्लोअर खोलीची हवा चटकन गरम करतो, आवाज करतो, बंद केला की दहा मिनिटांत परिणाम संपतो. तेलाचा हीटर तापायला वेळ घेतो पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब सोडत राहतो आणि त्यावर उघडी तार नसते, म्हणून झोपायच्या खोलीसाठी आणि लहान मुलांच्या घरासाठी तोच. वॅटचा मोठा आकडा पाहून हीटर घेऊ नका. फटी बुजवलेल्या १० बाय १२ च्या खोलीला १००० वॅटची मात्रा पुरते. त्यात थर्मोस्टॅट असावा, तो १९-२० अंशांच्या आसपास लावावा आणि झोपण्याआधी अर्धा तास चालवून बंद करावा.

इलेक्ट्रिक ब्लँकेट गादीवर अंथरायचं असतं, १०० वॅटच्या आसपास लागतं. अंथरूण तापवून झोपताना बंद करा. त्याची घडी घालून ठेवू नका, गुंडाळी करा, आतली तार तुटते.

घरात गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी आधीच असेल तर हीटर विकतच घेऊ नका. तो वीज जाळून उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, आणि आपल्याकडच्या हवेत एका युनिटमागे तीन युनिटच्या आसपास उष्णता देऊ शकतो. रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे का ते पाहा. बऱ्याच लोकांकडे ही सोय असते आणि ती कधी वापरलेलीच नसते.

२००० वॅटच्या हीटरला जवळपास ९ अँपिअर प्रवाह लागतो. तो १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमध्येच लावा. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावला तर बोर्ड वितळतो. प्लग हाताला गरम लागला तर तिथेच थांबायचं. पडदा, पांघरूण, वाळत घातलेले कपडे निदान तीन फूट लांब.

विस्तव घरात नको

शेकोटी अंगणात, मोकळ्यावर. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणं म्हणजे मरण. धूर नसलेले लालभडक निखारे सुरक्षित वाटतात, पण कार्बन मोनॉक्साइड सोडणारे तेच. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीची पद्धत अजून आहे. शेक द्यायचाच असेल तर शेगडी बाहेर ठेवून तव्यावर फडकं गरम करा आणि ते आत न्या. ओव्याची धुरी बाळाच्या श्वासाला त्रास देते, ती टाळलेली बरी. बाळाला टोपी, मोजे, आईची कूस आणि वारा न लागणारी खोली एवढं पुरतं.

छत

सगळं करूनही वरच्या मजल्यावर पहाटे गारठा वाटतो. त्याचं कारण आकाश. ढग नसलेल्या, वारा पडलेल्या रात्री स्लॅब आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात गवतावर दवाचं बर्फ होतं, ते असंच. गावातला पारा शून्यापेक्षा बराच वर असताना त्या खोलगट जागेतली गवताची पाती गोठतात.

या वर्षीसाठी सोपा उपाय म्हणजे छत जड वस्तूंनी झाकणं नाही, तर ते आकाशापासून लपवणं. झोपायच्या खोलीच्या वरच्या भागात गच्चीवर बांबूच्या चौकटीवर जुनी ताडपत्री संध्याकाळी ताणा आणि दिवसा काढा, म्हणजे स्लॅबला ऊन मिळतं. पत्र्याच्या घरात पहाटे आतून पाणी ठिबकतं, तिथे पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचं किंवा सिमेंट शीटचं छत करा. थर्मोकोल स्वस्त पडतो, पण तो झटकन पेटतो आणि काळा विषारी धूर करतो. चूल किंवा गॅस असलेल्या घरात तो नकोच. मराठवाड्यात-खानदेशात ज्यांच्याकडे अजून माळवदाचं किंवा धाब्याचं घर शिल्लक आहे, त्यांनी निदान झोपायची एक खोली तशीच राखावी. वरचा मातीचा जाड थर जे करतो ते स्लॅबला जमत नाही.

पक्कं काम करायचं असेल तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी विटांच्या तुकड्यांच्या कोब्याखाली उष्णतारोधक फोमचे दाबाला टिकणारे पत्रे घालून घ्या. मे महिन्यातही त्याचाच उपयोग होतो, त्यामुळे खर्च दोन ऋतूंत वाटला जातो. नुसता पांढरा रंग उन्हाळ्यात फार कामाचा, हिवाळ्यात मात्र तो दिवसाचं ऊनही परतवतो, हे माहीत असू द्या. कोबा पावसाआधी पाणी मारून पक्का व्हायला हवा, म्हणून ठेकेदार फेब्रुवारीतच ठरवा. गच्ची सोसायटीची असेल तर त्याआधी सभेत ठराव करून घ्या, वरच्या मजल्यावरचे सोडून बाकीचे पहिल्या सभेत हो म्हणत नाहीत.